चिखलाखालचा नंबर

नकाशेकाकांनी तो डोंगर चोवीस वर्षांत अकरा वेळा काढला होता आणि एकदाही चढला नव्हता.

भूमापन कचेरीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं तिरकं टेबल होतं. मागच्या खिडकीतून तो डोंगर अख्खा दिसायचा. पण नकाशा काढताना उजेड पाठीमागून आलेला बरा, म्हणून काका त्याच्याकडे पाठ करून त्याला काढत. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. डोंगराचीही तक्रार आली नव्हती.

अशा या सुखी माणसाच्या टेबलापुढे एका सोमवारी एक काटक बाई येऊन उभ्या राहिल्या. त्या सायकलींच्या शर्यती भरवत. या डोंगराभोवतीची नऊ किलोमीटरची कच्ची वाट धरून सकाळी सात ते संध्याकाळी पाच अशी दहा तासांची शर्यत त्यांनी ठरवली होती. दहा तासांत जो जास्त फेऱ्या मारेल तो जिंकला. त्यासाठी नकाशा हवा होता.

"हा चढ जरा अवघड दिसतोय," बाई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या.

आता इथे काकांनी नकाशाची गुंडाळी करून, शिक्का मारून विषय संपवायला हवा होता. पण आपण काढलेल्या डोंगराला परक्या माणसाने अवघड म्हणावं, हे ऐकून त्यांना कसंसंच झालं. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने उंचीच्या रेषा मोजून दाखवल्या.

"हे बघा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच रेषा. याला कोणी चढ म्हणत नाही."

"मग तुम्हीही याच की शर्यतीला!"

"बघतो," काका म्हणाले.

त्या कचेरीत 'बघतो' या शब्दाचा अर्थ 'नाही' असा होता, आणि तो शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होता. ठाऊक नव्हता फक्त साहेबांना. ते तीनच आठवड्यांपूर्वी बदलून आले होते आणि नेमके त्या क्षणी चहाचा कप घेऊन काकांच्या मागे उभे होते.

"वा!" साहेब म्हणाले. "कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी आपण काय केलं, असं वरून विचारलंय. मी चार दिवस उत्तर शोधत होतो."

काकांना वाटलं, कागदपत्रांत अडकेल हे प्रकरण. कागदपत्रांवर त्यांचा गाढ विश्वास होता. आस्थापना शाखेतल्या बाईंनी सुरुवातही आशादायक केली. शर्यत रविवारी, म्हणजे रजेचा प्रश्न नाही. पण रजाच नाही तर परवानगी कशाच्या आधारे द्यायची? शिवाय, सुट्टीच्या दिवशी कर्मचारी सायकलवरून पडला, तर तो कर्मचारी म्हणून पडला की माणूस म्हणून? हा मुद्दा टिपणीत मांडून बाईंनी फाइल वर पाठवली. एरवी अशी फाइल वर गेली की तीन-चार ऋतू तिथेच काढते. ही दुसऱ्या दिवशी खाली आली. साहेबांनी समासात लिहिलं होतं : 'दोन्ही नात्यांनी पडण्यास मंजुरी.'

मग राहिलं वैद्यकीय प्रमाणपत्र. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्तदाब घेतला आणि "वयाच्या मानाने ठीक" म्हणाले. हे वाक्य ऐकून कुठल्याही धडधाकट माणसाचा रक्तदाब वाढावा. प्रमाणपत्र टाइप करणाऱ्याने मात्र 'शर्यतीत भाग घेण्यास हरकत' एवढंच टाइप केलं आणि पुढचा 'नाही' गाळला. तो एक 'नाही' मिळवायला काकांना तीन हेलपाटे पडले. दर वेळी दवाखान्याची पायरी चढताना त्यांना वाटे, न मिळाला तर फार बरं होईल. तिसऱ्या खेपेला तो मिळाला, शिक्क्यासकट.

शेवटची आशा घरी होती. काकू एका मोठ्या इस्पितळाच्या औषधखिडकीत बसत. दिवसभर लोकांना गोळ्या मोजून देणाऱ्या बाईला सहसा कशाचं आश्चर्य वाटत नाही. काकांनी बातमी सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"दहा मिनिटं की दहा तास?"

"तास."

"पडाल तर डाव्या अंगावर पडा. उजव्या हाताने रेषा काढायच्या असतात तुम्हाला."

संपलं. काकांची अपेक्षा होती की बायको निदान एकदा तरी 'कशाला हे नसते उद्योग' म्हणेल. ती म्हणाली असती, तर तिच्या शब्दाखातर त्यांनी माघार घेतली असती आणि वर जन्मभर तिच्यावर उपकारही ठेवला असता. काकूंना हे सगळं दिसत होतं. म्हणून तर त्या म्हणाल्या नाहीत.

इमारतीत बातमी पसरायला एक संध्याकाळ पुरली. खालच्या मजल्यावर कोच राहत. ते निवृत्त विमा अधिकारी. पण तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा व्हॉलीबॉल स्पर्धेत त्यांनी गुणफलक लिहिला होता, तेव्हापासून त्यांना कोच म्हणायची पद्धत पडली आणि हळूहळू ते स्वतःही तसं मानू लागले. त्यांनी काकांचा ताबाच घेतला. जिना रोज वीस वेळा चढायचा. सायकलवर दर वीस मिनिटांनी काहीतरी खायचं. आणि चष्मा अजिबात घालायचा नाही, काळा गॉगल घालायचा.

"अहो, पण चष्म्याशिवाय मला जवळचं दिसत नाही."

"शर्यतीत जवळचं बघायचंच नसतं," कोच म्हणाले. "नजर कायम लांब!"

शर्यतीची चड्डी हा आणखी एक वेगळाच विषय. ती अंगाला घट्ट चिकटते आणि बुडाखाली तिला उशी असते. काका ती घालून आरशापुढे उभे राहिले, तेव्हा चोवीस वर्षांच्या नोकरीत जमवलेली सगळी प्रतिष्ठा त्या उशीवर येऊन बसल्यासारखी दिसली. जिन्यात समोरच्या वहिनी भेटल्या. त्यांनी नजर भिंतीवर ठेवून विचारलं, "बाहेर निघालात?" काकांनीही भिंतीलाच "हो" म्हणून सांगितलं.

घरची सायकल शर्यतवाल्यांनी नापास केली, कारण तिला पुढे भाजीची टोपली होती. म्हणून भाड्याच्या दुकानातून डोंगरी सायकल आणली. दुकानदाराकडे एकाच जातीच्या, एकाच करड्या रंगाच्या सोळा सायकली ओळीने लावलेल्या होत्या. काकांनी बराच वेळ निरखून त्यातली एक निवडली. "छान निवडलीत," दुकानदार म्हणाला. तो सगळ्यांनाच तसं म्हणत असणार.

रविवारी पावणेसातला काका सुरुवातीच्या रेषेवर उभे होते. रेषेवर हवा भरलेली भलीमोठी लाल कमान होती, शेजारी तंबू आणि तंबूत वेळ नोंदवणारे एक गृहस्थ. प्रत्येक सायकलच्या पुढच्या दांड्यावर नंबराची पाटी होती, आणि पाटीच्या मागे चिकटवलेली चिप. सायकल रेषेवरून गेली की तंबूतल्या यंत्रात त्या नंबराच्या नावावर एक फेरी जमा. काकांचा नंबर एकशे सदतीस. पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या गटात सगळे मिळून चार जण होते. साहेब दुपारी येणार होते. काकू औषधांची पिशवी घेऊन घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि कोच गळ्यात शिट्टी अडकवून येरझारा घालत होते.

एवढ्यात काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दहा हातांवर, डोक्यावर हेल्मेट, हाताशी सायकल, अशा त्यांच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

चार महिन्यांपूर्वी या बाईंनी त्यांच्या दाढेचं निम्मं काम करून वर तात्पुरतं सिमेंट भरलं होतं आणि "पुढच्या मंगळवारी या" म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर सोळा मंगळवार येऊन गेले. दवाखान्यातून फोन आला की काका नेहमी बैठकीत असत. दवाखाना ज्या रस्त्यावर होता, तो रस्ता त्यांनी जाण्यायेण्यातून वगळला होता. नकाशे काढणाऱ्या माणसाला दुसरे रस्ते चटकन सुचतात. डॉक्टरीणबाई पन्नाशी ओलांडलेल्या, पण पोटऱ्या अशा की बघणाऱ्याने आपल्या झाकून घ्याव्यात. काका हळूच कोचच्या पाठीमागे सरकले.

भोंगा वाजला आणि दीडशे सायकली निघाल्या.

पहिला अर्धा किलोमीटर काकांना वाटलं, आपण उगाच घाबरत होतो. मग पहिली रेषा आली. नकाशावर दोन रेषांमध्ये दोन मिलिमीटरचं अंतर असतं. ते अंतर काकांनी आजवर हजारो वेळा मनगटही न हलवता ओलांडलं होतं. इथे त्यात दगड होते, मुळं होती आणि एक वळण होतं, जे त्यांनी तरुणपणी घाईघाईत फार गुळगुळीत काढलं होतं. दुसऱ्या रेषेला श्वास लागला. तिसऱ्या रेषेला ते उतरले आणि सायकल ढकलू लागले. चौथ्या रेषेला सायकल त्यांना मागे ढकलू लागली. पाचव्या रेषेवर बसून त्यांनी खिशातलं केळं खाल्लं आणि मनातल्या मनात त्या काटक बाईंची माफी मागितली.

पलीकडचा उतार ब्रेक दाबून, डोळे मिटून पार केला. खाली ओढ्याकाठी आदल्या दिवशीच्या पावसाने गुडघाभर चिखल झाला होता. तिथे काका पडले, सांगितल्याप्रमाणे डाव्या अंगावर. उठले तेव्हा ते, सायकल आणि नंबराची पाटी, तिघांचा रंग एक झाला होता.

पहिल्या फेरीला दोन तास लागले. दुसरीलाही दोनच, म्हणून कोच म्हणाले, "सातत्य आहे." अकरा-साडेअकराला काका खाण्याच्या थांब्यावर उभे राहून उकडलेला बटाटा खात होते. सगळ्यांच्या सायकली शेजारी बांबूच्या कठड्याला टेकवलेल्या. तेवढ्यात पाठीमागून खणखणीत आवाज आला.

"अरे! ही तर आपली खालची उजवी सहावी!"

डॉक्टरीणबाई माणसांची नावं लक्षात ठेवत नसत. दात ठेवत. काकांच्या तोंडात बटाटा होता, नेमका त्याच बाजूला. त्यांनी तो तसाच गिळला, हाताला लागली ती करडी, चिखलाने माखलेली सायकल ओढली आणि टांग मारून पसार झाले.

थोडं पुढे गेल्यावर त्यांना जाणवलं, बसायची जागा जरा उंच झालीय. पाय जेमतेम टेकत होते. कोचने सांगितलं होतं की फार श्रम केले की पाठीचा कणा आक्रसतो. आपण चार तासांत दोन बोटं आखडलो, या विचाराने काकांना गलबलून आलं. घरी गेल्यावर सगळे कपडे आखूड करून घ्यावे लागणार. सायकल मात्र आता भलतीच हलकी चालत होती. दोन तासांऐवजी पावणेदोन तासांत ते रेषेवर परत आले, आणि इथे खरी गंमत झाली.

साहेब आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. काका खुर्चीत बसून पाणी पितात न पितात तोच कर्ण्यावरून घोषणा झाली : "पन्नाशीपुढील पुरुष गट. चार फेऱ्या पूर्ण करून आघाडीवर आहेत, नंबर एकशे सदतीस!"

"हे तर तुम्ही!" साहेब ओरडले.

काका गोंधळले. त्यांच्या हिशेबाने तीनच फेऱ्या झाल्या होत्या.

"मी तीनच मारल्या बहुतेक."

"दमलेल्या माणसाला एक फेरी कमी आठवते," कोचने शास्त्र सांगितलं. "यंत्राला दम लागतो का? नाही ना. मग यंत्र बरोबर."

उंचीच्या रेषा मोजण्यात ज्याची हयात गेली तो माणूस तीन आणि चार यांत चुकेल? पण साहेबांनी फोटो काढला होता, तो वरच्या कचेरीत पाठवलाही होता, आणि कधी नव्हे ते चार अनोळखी लोक कौतुकाने आपल्याकडे बघत होते. काकांनी मनाला सांगितलं, असेल बुवा एखादी विसरलेली.

काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "तीन केळी खाल्लीत तुम्ही. फेरीला एक दिलं होतं मी," त्या म्हणाल्या, आणि पिशवी आवरू लागल्या.

आघाडीवरच्या माणसाला बसायची सोय नसते, हे काकांना नव्याने कळलं. साहेबांनी आणि कोचने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना पुन्हा सायकलवर बसवलं आणि ढकलून दिलं.

ते निघाले आणि पाच मिनिटांत मागून हाक आली.

"थांबा! अहो, खालची उजवी! थांबा!"

काकांनी वळून बघितलं. डॉक्टरीणबाई पेडलवर उभ्या राहून सायकल मारत येत होत्या.

चोवीस वर्षांत काकांनी जो वेग कधी गाठला नव्हता, तो त्यांनी त्या चढावर गाठला. पहिली रेषा गेली, दुसरी गेली, तिसरी गेली; उतरून ढकलण्याचं नावसुद्धा नाही. बाजूने जाणाऱ्या दोन तरुणांनी "क्या बात है काका!" म्हणून दाद दिली. मागून "माझी! माझी!" असं काहीतरी ऐकू येत होतं. काकांच्या मनात आलं, दाढ माझ्या तोंडातली, आणि ही बाई माझी माझी म्हणतेय. हा व्यवसाय माणसाला कुठे नेऊन ठेवतो! त्यांनी उतारावर ब्रेकसुद्धा दाबला नाही. ओढा आला, चिखल आला, आणि काका पुन्हा त्यात आडवे झाले.

डॉक्टरीणबाई येऊन थांबल्या. दोघंही धापा टाकत होते.

"मंगळवारी येतो," काका चिखलातूनच म्हणाले. "नक्की येतो. आईशप्पथ."

"अहो, मंगळवार गेला खड्ड्यात! माझी सायकल द्या!"

बाईंनी बाटलीतलं पाणी काकांच्या सायकलच्या पाटीवर ओतलं. चिखल ओघळला आणि खालून नंबर निघाला, एकशे बावन्न. मग त्यांनी आपल्या हातातली सायकल पुढे केली. तिच्या पाटीवर एकशे सदतीस.

"थांब्यावर तुम्ही माझी घेऊन पळालात. मीही बघितलं नाही, उरलेली उचलली. वाटलं, सीट घसरून खाली आलीय, म्हणून वर करून घेतली. फलकावर माझी एक फेरी कमी दिसली तेव्हा पाटी पुसून बघितली. तुमच्या नंबरावर दोन फेऱ्या मी मारल्यात. तुम्ही एक मारलीत ती माझ्या नावावर पडलीय."

काकांना प्रथम हे कळलं की आपला कणा आक्रसलेला नाही. त्या आनंदात ते हसले. मग बाकीचं सगळं कळलं आणि हसू विरलं.

"साहेबांनी वर कळवलंय हो," ते म्हणाले. "फोटोसकट."

बाईंनी काकांना हात देऊन उठवलं, आणि उठवता उठवता सवयीने म्हणाल्या, "आ करा." काकांनी केला. बाईंनी त्यांचं तोंड उन्हाकडे वळवून आत बघितलं. "सिमेंट पडलंय. दुखत नाही?"

"इतर सगळंच दुखतंय. त्यात वेगळं कळत नाही."

"मला बक्षिसाचं फारसं काही नाही," त्या सायकलवर बसता बसता म्हणाल्या. "पण त्या दोन फेऱ्या मी माझ्या गुडघ्यांनी मारल्यात. त्या मला परत पाहिजेत."

ओढ्यापासून तंबूकडे जायला एक जवळची पायवाट होती. काकांनीच ती नकाशात काढलेली. त्या वाटेने जाताना त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं, ते त्यांनी पुढे फक्त काकूंना सांगितलं. कचेरीच्या फलकावर लागणारा आपला फोटो आला. साहेबांचा चेहरा आला. आपण गप्प राहिलो, यंत्राकडे बोट दाखवलं, तर एका डॉक्टरीणबाईंच्या शब्दाला किती वजन येईल, हाही विचार आला, आणि तो आपल्याला आला याची त्यांना इतकी लाज वाटली की तंबूपाशी पोचताच, कोणी विचारायच्या आत, ते वेळ नोंदवणाऱ्या गृहस्थांसमोर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "त्या फेऱ्या माझ्या नाहीत."

कोचच्या तोंडातली शिट्टी गळ्यात पडली. साहेब फोन खाली घेऊन बघत राहिले.

वेळवाले गृहस्थ आयुष्यभर एका कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेऊन निवृत्त झालेले. त्यांनी चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. एक कोरा कागद पुढे सरकवला.

"लेखी द्या."

दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी काकांना येणारी गोष्ट करायला सांगितली होती. त्यांनी काकूंकडून चष्मा घेतला, हात पुसले आणि कागदावर दोन रेषा काढल्या, एक सलग आणि एक तुटक. सलग म्हणजे एकशे सदतीस, तुटक म्हणजे एकशे बावन्न. खाण्याच्या थांब्यापाशी दोन्ही रेषा एकमेकींना छेदून गेल्या. प्रत्येक फेरीची वेळ, प्रत्येक ठिकाणी स्वाराचं चिन्ह, कोपऱ्यात चिन्हांची सूची. खाली दोघांच्या सह्या. सही करून डॉक्टरीणबाई उरलेल्या फेऱ्या मारायला निघूनही गेल्या.

गृहस्थांनी कागद उलटसुलट करून बघितला. "हा बाण कसला?"

"उत्तर दिशा."

"ती कशाला?"

"सवय."

गृहस्थांनी नियमांचं पुस्तक काढलं. सायकल बदलली तर कळवायला हवं, असं त्यात होतं. सायकल न कळत बदलली तर काय, हे नव्हतं. त्यांनी दोघांना दहा-दहा मिनिटांचा दंड लावला, कारण काहीच न लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि ज्याच्या फेऱ्या त्याच्या नावावर फिरवल्या. एकशे सदतीसच्या पुढे आकडा आला : तीन. गटात चौथे. चौघांत.

साहेब काकांपाशी आले. "मी वर कळवून बसलोय हो."

"शुद्धिपत्रक काढू, साहेब," काका म्हणाले. "दर महिन्याला काढतोच."

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग मान हलवली. "मसुदा तुम्हीच करा. अक्षर छान आहे तुमचं."

काकांना एकदम हलकं वाटलं. आता कोणी कौतुकाने बघत नव्हतं, कोणी ढकलत नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंनी मागे लागायचं कारण उरलं नव्हतं. काकूंनी खुर्चीची घडी घातली. "झालं ना? चला घरी. गरम पाण्याने अंघोळ करा आणि झोपा."

"चार फेऱ्या झाल्या की नावापुढे 'पूर्ण' लिहितात," वेळवाले गृहस्थ वहीत बघत सहज म्हणाले. "चारच्या आत 'अपूर्ण'. शेवटच्या फेरीला सव्वातीनपर्यंत निघता येतं."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी घडी घातलेली खुर्ची पुन्हा उघडली आणि पिशवीतून केळं काढून दिलं.

"चष्मा राहू दे डोळ्यांवर," एवढंच म्हणाल्या.

या फेरीला काकांच्या मागे कोणी नव्हतं, म्हणजे एक गृहस्थ होते, पण ते वाटेवरचे झेंडे काढून पोत्यात भरत येत होते. शेवटच्या स्वाराच्या मागून जायचं हेच त्यांचं काम.

"सावकाश जा," ते म्हणाले. "तुम्ही पुढे सरकल्याशिवाय मला झेंडा काढता येत नाही, आणि मला काही घाई नाही."

"बाईंच्या दर शर्यतीत तुम्हीच मागे असता?"

"नऊ वर्षं झाली. पुढचे लोक कोण असतात मला माहीत नाही. शेवटचे सगळे ओळखीचे."

काका ढकलत होते तेव्हा ढकलत होते, चालवत होते तेव्हा चालवत होते. चढावर त्यांनी ते गुळगुळीत काढलेलं वळण नीट बघून ठेवलं. सोमवारी ते दुरुस्त करायचं होतं. माथ्यावर ते मुद्दाम थांबले. खाली त्यांचं गाव, त्यांची कचेरी, तिची पहिल्या मजल्यावरची खिडकी. एवढ्या लांबून ती काडेपेटीएवढी दिसत होती. झेंडेवाले गृहस्थही पोतं खाली ठेवून शेजारी उभे राहिले. मग दोघं उतरले. ओढ्याशी काका सायकल खांद्यावर घेऊन कडेकडेने गेले आणि न पडता पलीकडे पोचले. तिथे बघायला कोणी नव्हतं, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

पाचला चार मिनिटं कमी असताना ते शेवटच्या वळणावर आले, आणि बघतात तर कमान नाही.

कमानीची हवा काढायला सुरुवात झाली होती. मैदानात लोक पांगले होते, तंबूचे दोर सुटले होते, आणि ती लाल कमान मधोमध वाकून जमिनीवर लोळत चालली होती.

"अहो, थांबवा!" साहेब ओरडले. "आमचा माणूस यायचाय!"

पण एकदा सोडलेली हवा काही परत बोलावता येत नाही. तेव्हा साहेब इस्त्रीच्या शर्टानिशी कमानीखाली शिरले आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी वर उचलून धरली. दुसऱ्या टोकाला डॉक्टरीणबाई धावल्या. त्यांच्या गळ्यात पहिल्या नंबराचं पदक होतं आणि ते कापडात सारखं अडकत होतं. मध्ये कोच. काकू उंचीने कमी, म्हणून त्यांनी औषधांची पिशवी खाली ठेवली आणि घडीच्या खुर्चीवर चढून हात वर केले. कमानीतून फुस्स आवाज येत होता, कापड सगळ्यांच्या डोक्यांवर उतरत होतं, आणि त्या लाल गदारोळात जेमतेम एक सायकल जाईल एवढी फट उरली होती.

काका मान खाली घालून त्या फटीतून आरपार गेले.

यंत्र कधीच खोक्यात गेलं होतं. वेळवाल्या गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, खिशातलं पेन काढलं आणि वहीत लिहिलं : एकशे सदतीस, चार फेऱ्या, पूर्ण. मग काकांना दिसेल अशी वही तिरकी धरली.

"उतरा आता," काकू म्हणाल्या.

काकांनी उजवा पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलला गेला नाही. डावा केला. तोही नाही.

"येत नाहीये उतरायला."

म्हणून साहेबांनी पुढचं चाक धरलं, कोचने मागचं धरलं, डॉक्टरीणबाईंनी एका बाजूने खांदा दिला आणि काकूंनी दुसऱ्या बाजूने कंबर धरली. सगळ्यांनी मिळून आता त्यांना कसं उतरवायचं, पुढून की बाजूने, यावर जोरदार चर्चा सुरू केली.

"राहू द्या हो थोडा वेळ," काका म्हणाले. चार जणांनी धरलेल्या, कुठेही न जाणाऱ्या त्या सायकलवर ते दोन्ही हात सोडून आरामात बसले होते. "घाई काय आहे?"